आर्किटेक्टचं दुसऱ्याने लिहिलेलं वाच, रॉकवाल्याचं त्याने स्वतः लिहिलेलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बेळगावातच आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बँडमध्ये बेस गिटार वाजवते, घरी म्हणालेत "दोन्ही जमणार नाही, एक काय ते ठरव", आणि तिला एखादा वजनदार आर्किटेक्ट आणि एखादा रॉक म्युझिशियन यांचं करिअर नेमकं कसं घडलं हे सांगणारी पुस्तकं पाहिजेत. "काका, प्रेरणादायी वगैरे नकोत, खरी पाहिजेत" असं तिने शेवटी लिहिलंय. शाब्बास. मी टिळकवाडीत ऑफिस टाकून बरीच वर्षं घरं, मंगल कार्यालयं, एक-दोन शाळा असलं काम करतोय आणि त्याच्याआधी गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर गिटार वाजवून पेट्रोलचे पैसे काढलेत, त्यामुळे दोन्हीकडची पुस्तकं मी हौसेने जमवलीत आणि दोन्हीबद्दल माझी ठाम मतं आहेत, पटली तर घे.

पहिलं मत म्हणजे आर्किटेक्ट स्वतःबद्दल लिहायला बसला की तो खरं तर पुढच्या क्लायंटला पत्र लिहीत असतो. त्याला अजून काम मिळवायचं असतं की. छत गळलं, बजेट चौपट झालं, ऑफिसातल्या कुठल्या तरी ज्युनियरने रात्रभर जागून काढलेली आयडिया साहेबांच्या नावावर गेली, हे सगळं तो कशाला लिहील? रॉकवाल्याचं बरोबर उलटं. आपली लक्तरं वेशीवर टांगायची हाच त्याचा धंदा, जितकं जास्त कबूल करेल तितकं पुस्तक खपतंय, वर नवीन पब्लिकही मिळतंय. म्हणून माझा नियम साधा आहे, आर्किटेक्टबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, शक्यतो ज्याला त्याच्याकडून काही घेणं-देणं उरलेलं नाही अशा माणसाने, आणि रॉकवाल्याचं मात्र त्याच्याच तोंडून ऐकायचं.

पुरावा पाहिजे असेल तर अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट घे. तुला हिस्टरीच्या पेपरला आहेच. याचं आत्मचरित्र 1932 साली आलं, तेव्हा बाबा पासष्टीला टेकलेला, अमेरिकेत मंदी, हातात काम जवळजवळ नाही, आणि त्याच वर्षी त्याने टॅलिएसिन या आपल्या घर-स्टुडिओत फेलोशिप सुरू केली, म्हणजे पोरांनी फी भरून त्याच्याकडे राहायचं आणि ड्रॉइंगबरोबर शेतात, किचनमध्येही राबायचं. आता पुढचं बघ. एडगर कॉफमन ज्युनियर नावाच्या पोराने ते आत्मचरित्र वाचलं, भारावला, 1934 ला तिथं शिकायला गेला, त्याच्या वडिलांचं पिट्सबर्गला मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं, वडील पोराला भेटायला आले आणि त्यातनं निघालं फॉलिंगवॉटर. धबधब्यावरचं ते घर, ज्याचा फोटो तुमच्या स्टुडिओच्या भिंतीवर नक्की असणार. म्हणजे पुस्तकाने पोरगा आणला, पोराने बाप आणला, बापाने चेक आणला. एवढी यशस्वी जाहिरात आजच्या कुठल्या आर्किटेक्टला इन्स्टावर जमलेली नाही.

पण त्या आत्मचरित्रावर भरवसा किती ठेवायचा? या माणसाने जन्मसालसुद्धा बदलून सांगितलंय, 1867 चं 1869 करून. म्हणून त्याचं स्वतःचं पुस्तक चाळ जरूर, भाषा झकास आहे, पण शेजारी एडा लुईस हक्सटेबलचं छोटं चरित्र ठेव, 2004 चं आहे, बाई आर्किटेक्चरची समीक्षक, प्रेमाने लिहिते पण थाप दिसली की तिथंच धरते. आणि फॉलिंगवॉटरवर फ्रँकलिन टोकर यांचं आख्खं पुस्तक आहे, फॉलिंगवॉटर रायझिंग, 2003 चं, ते तर तू वाचायलाच पाहिजे कारण त्यात एका घराचं खरं राजकारण आहे, पैसा कुणाचा, श्रेय कुणाचं, गाजावाजा कुणी केला.

त्या घराच्या स्लॅबची भानगड तुला एवढ्यासाठी सांगतो की साइटवर असलं रोज घडतंय. गच्ची धबधब्यावर पुढे काढलेली, कॅन्टिलीव्हर, म्हणजे पुढच्या टोकाला आधार नसलेली, साधारण पंधरा फूट. मालकाला धाकधूक होती म्हणून त्याने आपल्या ओळखीच्या इंजिनियरांना ड्रॉइंग दाखवलं, त्यांनी सांगितलं सळ्या कमी आहेत, आणि राइटला न विचारता जास्तीच्या सळ्या घालून काँक्रीट टाकलं. राइट पेटला, माझ्यावर भरवसा नसेल तर काम सोडतो इथपर्यंत गेलं. नंतर काय झालं? त्या जास्तीच्या सळ्या असूनही गच्ची वर्षानुवर्षं खाली येत गेली, सुमारे 7 इंच वाकली, आणि 2002 मध्ये केबल घालून ताणून तिला धरून ठेवावं लागलं. जास्तीच्या सळ्या नसत्या तर ती तेवढी टिकली नसती असंच बहुतेक इंजिनियर मानतात. आणि खर्च? सुरुवातीचा आकडा 35 हजार डॉलरच्या आसपास, शेवटी लागले दीड लाखाच्या वर. आपल्याकडे घरमालकाने एवढ्यावर आर्किटेक्टला खडेबाजारातनं वरात काढून नेला असता. यातलं राइटच्या स्वतःच्या पुस्तकात शोधत बसू नकोस.

दुसरा माणूस लुई कान, हाही अमेरिकन आर्किटेक्ट, आणि हा तुझ्यासाठी जास्त जवळचा आहे कारण हा पियानो वाजवायचा. फिलाडेल्फियात गरीब घरात वाढला, मूकपटाच्या थिएटरात पिक्चर चालू असताना पियानो वाजवून घरात पैसे आणायचा, शिक्षणसुद्धा त्याच्यावर निघालं. याच्यावर वेंडी लेसरचं यू से टू ब्रिक हे 2017 चं चरित्र घे. ही बाई आर्किटेक्ट नाही, साहित्यातली आहे, म्हणून पुस्तक वाचनीय झालंय. सुरुवातच शेवटापासून केलीये, 1974 च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परत जाताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात हा कोसळला, घरी कळायलाही वेळ गेला, ऑफिसवर कर्जाचा डोंगर, आणि मागे तीन बायकांपासूनची तीन मुलं. याच कानने केलेल्या आयआयएम अहमदाबादच्या विटांच्या कमानींपुढे सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

लेसरनंतर मिळालं तर ऑगस्ट कोमेंडंट यांचं पुस्तक बघ. हे कानचे स्ट्रक्चरल इंजिनियर, अठरा वर्षं बरोबर काम केलं आणि कान गेल्यावर लगेच 1975 मध्ये लिहून मोकळे झाले. इंजिनियरने आर्किटेक्टवर लिहिलेलं पुस्तक म्हणजे सासूने सुनेवर लिहिल्यासारखं, खमंग, एकतर्फी, पण घरात कुठला डबा कुठे असतो ते तिलाच माहीत. कानच्या बिल्डिंग ज्या अशा हवेत तरंगल्यासारख्या वाटतात त्यामागे कुणाचं गणित होतं हे त्यात कळतं. तसंच ॲन टिंग या बाईंचं नाव लक्षात ठेव, येल विद्यापीठाच्या आर्ट गॅलरीचं त्रिकोणी जाळीचं जे प्रसिद्ध सीलिंग आहे त्याच्यामागे त्यांची भूमिती होती, आणि बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव तळटीपेतही नसायचं. मुलींनी हे वाचायलाच पाहिजे.

आणि वय बघ. येलची ती गॅलरी 1953 ला उघडली तेव्हा कान पन्नाशी ओलांडून गेलेला, आणि ज्याच्यासाठी आज जग त्याला ओळखतंय ते सगळं काम त्याच्या पुढच्या वीस वर्षांतलं. राइट फॉलिंगवॉटर करताना सत्तरीकडे झुकलेला. यावर मी नंतर येतो.

आपल्या देशातलं म्हणशील तर लॉरी बेकर. गौतम भाटिया यांचं 1991 चं पुस्तक अजून मिळतं, त्यात बेकरची चित्रं, लेख, हिशोब सगळं आहे. हा माणूस इंग्लंडमधनं आला, महारोग्यांच्या सेवेच्या कामात पडला, केरळच्या डॉक्टरबाईंशी लग्न केलं, दोघं हिमालयात पिथोरागडला जाऊन हॉस्पिटल चालवत बसले, आणि तिरुअनंतपुरमला जाऊन खऱ्या अर्थाने प्रॅक्टिस जमली तेव्हा याचीही पन्नाशी उलटली होती. भाटियांच्या पुस्तकात त्याची टेक्निकं नीट काढून दाखवलीत. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, आत पोकळी राहते, भिंत तेवढीच जाड पण साधारण पाव हिश्श्याने विटा कमी लागतात आणि उन्हाळ्यात आत गार राहतं. फिलर स्लॅबमध्ये खालच्या भागातलं काँक्रीट तसंही ताण घेत नाही, ताण सळया घेतात, मग तिथं टाकाऊ मंगळुरी कौलं घालून काँक्रीट वाचवायचं. वाचायला सोपं वाटतंय. करून बघशील तेव्हा कळेल की आपल्याकडच्या भट्टीची वीट एका मापाची येत नाही, आणि उभ्या विटेत माप दोन सूत इकडेतिकडे झालं की गवंडी गुपचूप ती पोकळी सिमेंटने भरून टाकतोय, मग वाचलं काय? बेकर स्वतः साइटवर उभा राहायचा, गवंड्यांबरोबर, तिथंच जुन्या लिफाफ्याच्या मागे स्केच काढून द्यायचा, त्याची सगळी किमया त्या उभं राहण्यात होती. आपल्याकडे तर प्लॅन कन्नडमध्ये मंजूर होतो, मालक मराठीत भांडतो आणि सेंट्रिंगवाला दोन्हीत शिव्या देतो, तेव्हा साइटवर नाही गेलीस तर काहीच खरं नाही.

त्याच्या बायकोचं, डॉ. एलिझाबेथ बेकर यांचं, आठवणींचं पुस्तकही आहे. त्यात बिल्डिंगा कमी, हॉस्पिटल, पेशंट, स्वयंपाकघर जास्त. मला विचारशील तर बेकर कळायला ते पहिलं वाचावं.

चार्ल्स कोरिया यांच्या बाबतीत माझा नियम थोडा मोडतो. त्यांचा लेखसंग्रह अ प्लेस इन द शेड, 2010 चा, त्यांनी स्वतः लिहिलेला असून चांगला आहे, कारण तो स्वतःबद्दल नाहीच, तो शहरांबद्दल आहे. नवी मुंबईची कल्पना 1964 च्या सुमाराला कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली, सरकारच्या मागे लागले, पुढे सिडको झाली आणि कोरिया काही वर्षं तिथं चीफ आर्किटेक्ट होते. म्हणजे कुणी काम दिलं नाही तर प्रश्न स्वतः शोधून काढायचा आणि उत्तर घेऊन दार ठोठवायचं, ही गोष्ट कॉलेजात कोण शिकवत नाही. आणि पुस्तक वाचायच्या आधी चोर्ला घाट उतरून पणजीला जा, कला अकादमी बघून ये. मांडवीच्या काठाला ठेंगणी, पसरलेली बिल्डिंग, रस्त्यावरनं सरळ आत जाऊन नदीपर्यंत पोचतेस, दार असं काही लागतच नाही. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे, त्याच्या भिंतींवर जुन्या नाटकगृहातल्यासारखे खोटे सज्जे रंगवलेत आणि त्यात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं बसलीत, कुणी गप्पा मारतंय, कुणी वाकून बघतंय. प्रयोगाला खुर्च्या रिकाम्या असल्या तरी कलाकाराला हाउसफुल वाटणार. 2023 च्या पावसाळ्यात तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं, दुरुस्तीचं काम चालू असतानाच, तेव्हा बिल्डिंग मोठ्या आर्किटेक्टची आहे म्हणून आपोआप जपली जात नाही हेही बघून ये.

आता रॉक. इथं तुझ्यासाठी हातात सोनंच आहे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमधले तिघं, निक मेसन, रॉजर वॉटर्स आणि रिचर्ड राइट, लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकला आर्किटेक्चर शिकायला आलेले क्लासमेट. होय की, तुझ्याच कोर्सचे. मेसन बँडचा ड्रमर आणि सगळ्या अल्बममध्ये असलेला एकमेव माणूस, त्याने 2004 मध्ये इनसाइड आउट लिहिलं. सुरुवातच अशी आहे की वॉटर्स कॉलेजात कितीतरी महिने याच्याशी बोललाच नाही, आणि पहिल्यांदा बोलला तो गाडी मागायला. मेसनकडे 1930 ची ऑस्टिन सेव्हन होती, याने थाप मारली की गाडी बंद आहे, आणि थोड्याच दिवसांनी वॉटर्सने याला तीच गाडी चालवताना बघितलं. चाळीस वर्षांची दोस्ती आणि दुष्मनी इथनं सुरू. मेसनचा सूर असा कोरडा, स्वतःवर हसणारा आहे, बँडमधली भांडणंही तो एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या मीटिंगचं मिनिट लिहावं तशी लिहितोय, आणि पैशाचं काहीच लपवत नाही.

पैशाचं म्हणजे कसं, तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी यांनी गुंतवणुकीसाठी ज्या फर्मवर विश्वास टाकला ती बुडीत निघाली, वर टॅक्सचं ओझं, त्यामुळे एक मोठा अल्बम काढणं भागच होतं. तो 1979 चा द वॉल. मग 1980-81 चे शो, ज्यात कार्यक्रम चालू असताना स्टेज आणि पब्लिकच्या मध्ये पुठ्ठ्याच्या विटांची चाळीसेक फूट उंच भिंत बांधत आणायची आणि शेवटी पाडायची. ही भिंत डिझाइन करणाऱ्यांत मार्क फिशर होता, लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये शिकलेला आर्किटेक्ट, बरोबर इंजिनियर जोनाथन पार्क. विचार कर, रोज रात्री उभी राहणारी आणि रोज पडणारी भिंत, कुणाच्या डोक्यात जाता कामा नये, ट्रकमध्ये बसली पाहिजे, आणि अगदी शेवटच्या रांगेतनंही भिंत वाटली पाहिजे. याला आर्किटेक्चर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? शो इतका खर्चिक होता की बँडला तोटा झाला, आणि गंमत अशी की रिचर्ड राइटला तोपर्यंत बँडमधनं काढून पगारावर ठेवलेलं, त्यामुळे पैसे सुटले ते फक्त त्याला. पार्टनर बुडाले, पगारी माणूस तरला. फर्ममध्ये पार्टनरशिप घेताना हे आठव.

फिशरने पुढे रोलिंग स्टोन्स, यू टू या बँडांची अवाढव्य स्टेजं केली, 2013 ला गेला. त्याच्या कामावर एरिक होल्डिंगचं स्टेज्ड आर्किटेक्चर नावाचं पुस्तक 1999 मध्ये आलं, महाग आहे आणि सहज मिळत नाही, पण कॉलेजच्या लायब्ररीत मागणी टाकून ठेव. दोन्ही आवड असलेल्या माणसाला तिसरी वाट असते हे घरच्यांना दाखवायला याच्याइतका चांगला माणूस नाही, कारण या माणसाने दोन्हीतलं काही सोडलं नाही.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं बॉर्न टू रन 2016 मध्ये आलं, जाडजूड आहे, सगळं नाही वाचलंस तरी चालेल. पण पहिल्या मॅनेजरबरोबरच्या कराराची जी कथा आहे ती मात्र पेन्सिल घेऊन वाच. पोरगं विशीतलं, वकील नाही, धड न वाचता सह्या केल्या, आणि 1975 ला याच नावाचा अल्बम गाजल्यावर त्या सह्या अंगाशी आल्या, कोर्टात भांडण, जवळपास वर्षभर स्टुडिओत जाऊन नवीन रेकॉर्डिंगच करता येईना, पुढचा अल्बम यायला 1978 उजाडलं. आपल्याकडे तर करारच नसतो. ऑर्केस्ट्रावाला म्हणतो "बघूया की", बिल्डरही म्हणतो "बघूया की", आणि त्या बघूयामध्ये माणसाची तरुणपणाची वर्षं जातात. प्लॅन काढायच्या आधी लेटर घ्यायचं, स्टेजवर चढायच्या आधी निम्मे घ्यायचे, स्प्रिंगस्टीनचा तो भाग वाचल्यावर हे लाज न बाळगता मागायला जमतं.

रोलिंग स्टोन्सचा गिटारिस्ट कीथ रिचर्ड्सचं लाइफ, 2010 चं, अफाट लोकप्रिय आहे, ड्रग्जचं सगळं त्यात आहे, ते मला कंटाळवाणं वाटलं. पण एक जागा आहे जिथं तो गिटारची सगळ्यात जाड तार काढून टाकून पाच तारांवर ओपन जी ट्यूनिंग, म्हणजे बोट न दाबताच तारा जी कॉर्डला लावलेल्या, कसं वापरायला लागला ते सांगतोय, ती पानं भारी आहेत. एक तार कमी केली आणि आख्ख्या बँडचा आवाज सापडला. तेवढी वाच आणि पुस्तक मैत्रिणीला दे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो माणूस, रेमो फर्नांडिस. आपल्या शेजारचा, गोव्याचा, शिवोलीचा, जन्म 1953. तुझ्या बाबांना हम्मा हम्मा या गाण्यामुळे माहीत असेल. शिकलाय काय? आर्किटेक्चर, मुंबईच्या जेजे मध्ये, डिग्री पूर्ण करून. मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत, रस्त्यावर गात हिंडला, परत येऊन शिवोलीच्या घरातच चार ट्रॅकच्या छोट्या मशीनवर स्वतःच सगळी वाद्यं वाजवून, स्वतःच गाऊन 1984 मध्ये गोवन क्रेझी काढला. कॅसेटचं कव्हर स्वतः केलेलं, आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतःच टाकत फिरला. कंपन्यांना त्यावेळी असल्या इंग्रजी गाण्यांत रस नव्हता, नंतर पॅक दॅट स्मॅक हा अल्बम गाजल्यावर सगळ्या धावत आल्या. 2007 ला पद्मश्री. त्याचं आत्मचरित्र हार्परकॉलिन्सने 2021 मध्ये काढलं.

ते पुस्तक लांब आहे, काही ठिकाणी जुने हिशोब चुकते करण्यात पानं गेलीत, संपादकाने कात्री चालवायला पाहिजे होती असं मला वाटलं. तरी तुझ्यासाठी मी ते यादीत सगळ्यात वर ठेवीन, कारण यात आर्किटेक्चरची डिग्री वाया गेली असं मला कुठंच वाटलं नाही. घरी बसून एकट्याने अल्बम बांधायचा म्हणजे आधी पाया, मग त्याच्यावर एकेक थर, चारच ट्रॅक असल्यामुळे दोन थर एकत्र करून जागा करायची, आणि एकदा एकत्र केलं की परत सुटं होत नाही. स्लॅब ओतल्यावर पाइप टाकायचा राहिला म्हणून रडता येत नाही, तसली शिस्त. तुम्ही पोरं लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडून बसताय, एक गाणं चारच ट्रॅकमध्ये करून बघा बँडला सांगून.

आणि दोन्ही विषय एका पुस्तकात पाहिजे असतील तर डेव्हिड बर्नचं हाउ म्युझिक वर्क्स, 2012. टॉकिंग हेड्सचा हा गायक. पहिल्याच प्रकरणात तो म्हणतोय की संगीतकार आधी गाणं करतो आणि मग जागा शोधतो असं नाही, जागा आधी असते आणि गाणं तिच्या मापाने शिवलं जातं. दगडी चर्चमध्ये आवाज कितीतरी सेकंद घुमतो म्हणून तिथलं संगीत संथ, लांब स्वरांचं. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी नावाच्या बारक्या, कोंदट क्लबमध्ये घुमणं शून्य, त्यामुळे तिथं जलद ताल आणि शब्द स्पष्ट पोचायचे, तिथनं तसलं रॉक निघालं.

हे तुला आत्ता, याच सेमिस्टरला वापरता येईल. आपल्याकडे बँडला वाजवायला मिळतं कुठं, तर मंगल कार्यालयात. 30 मीटर लांब, 15 रुंद, 6 उंच असा हॉल धर, खाली फरशी, भिंतीला प्लास्टर, वर काँक्रीट. घनफळ 2700, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ 1440 चौरस मीटर. असले कडक पृष्ठभाग आवाज फार तर पाच टक्के शोषतात, म्हणजे शोषण 72. आवाज विरायला किती वेळ लागतो याचं सॅबिनचं सूत्र तुम्हाला शिकवलंय, 0.161 गुणिले घनफळ भागिले शोषण, उत्तर येतं 6 सेकंद. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेकला तू वाजवलेली नोट सहा सेकंद फिरत राहते, आणि नंतर म्हणताय बेस नुसता गदगद होतोय. आता त्यात 400 माणसं बसव, माणशी 0.4 धर, शोषण 160 ने वाढून 232, वेळ आला दोन सेकंदांच्या आत. म्हणून तोच हॉल लग्नात बरा वाजतो. पण माणसं आणि पडदे वरचे स्वर शोषतात, खालचे तेवढे शोषत नाहीत, त्यामुळे तुझा बेस घुमणारच, लोकांनी भरलेला असला तरी. उपाय असा की जलद, भरगच्च बेसलाइन तिथं वाजवूच नकोस, नोटांमध्ये जागा सोड, ॲम्प कोपऱ्यातनं बाहेर ओढ. आणि उद्या असला हॉल डिझाइन करशील तेव्हा सीलिंगला काय लावायचं ते मालकाशी आधीच भांडून घे, नंतर तो फक्त झुंबराला पैसे देतो.

घरच्या "एक काय ते ठरव" बद्दल. पुस्तकांतनं दिसतं ते असं की दोन्ही धंद्यांची घड्याळं वेगळी आहेत. मेसन पहिला अल्बम आला तेव्हा 23 चा, स्प्रिंगस्टीन गाजला तेव्हा पंचविशीत. कान, बेकर पन्नाशीनंतर. बँडची वेळ आत्ता आहे, ती दहा वर्षांनी मागून मिळणार नाही, आणि आर्किटेक्टला तशीही पहिली दहा वर्षं कोण धड काम देत नाही, टॉयलेटचं डिटेल काढत बसायचं असतं. म्हणून रेमोसारखी डिग्री पूर्ण कर, रजिस्ट्रेशन घे, ती कुठं जात नाही. पण बेस विकून टाकू नकोस. हे मी बाबांसमोरही सांगायला तयार आहे, घेऊन ये त्यांना ऑफिसला. त्यांना स्वतःला वाचायचं असेल आणि इंग्रजी नको असेल तर अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचं सिम्फनी दे, पाश्चात्त्य संगीताची गोष्ट मराठीत आहे. आणि "आपल्या इकडं असलं कुठं असतंय" म्हणाले तर बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं नाव घे, त्यांनी तर घराण्याच्या चौकटीलाच हात घातला होता, आणि लोक तेव्हाही नाकं मुरडायचेच.

क्रम विचारशील तर सबमिशन झाल्यावर मेसन, तो पटकन संपतो. मग टोकर, मग रेमो, मग लेसर. बर्न मध्येमध्ये, एकेक प्रकरण. राइटचं आत्मचरित्र सगळ्यात शेवटी, तोपर्यंत तुला कुठल्या ओळीत तो क्लायंटकडे बघून बोलतोय ते आपोआप दिसायला लागेल. मेसन आणि भाटिया सेकंडहँड स्वस्तात मिळतात, पुण्याला कोण जात असेल तर सांगून ठेव, नवीन घेऊ नकोस. बर्न माझ्याकडे आहे, शनिवारी संध्याकाळी चारनंतर येऊन ने, फक्त पहिल्या प्रकरणात समासात मी हॉलची मापं लिहिलीत ती खोडू नकोस.